पेपरात नाव नाही, म्हणजे बरा आहे

तंबाखूचा वास आला की मला शिंका येतात आणि शिंका आल्या की भरमू आठवतो. एखाद्या माणसाची आठवण यायला याहून बरी वाट असेल, पण माझ्या नशिबी हीच. परवा सकाळी शहापुरात दूध आणायला गेलो, तर दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एकाने तंबाखू मळून तळहातावर थापटली. मी ओळीने तीन शिंका दिल्या. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "सॉरी हं काका." त्याला काय सांगणार? बाबा रे, तुझ्या त्या चिमटीतून अख्खी सुगी उठून माझ्या नाकात शिरली, असं सांगितलं असतं तर त्याने मला घरी पोचवायला माणूस दिला असता. मी दुधाची पिशवी घेतली आणि निघालो.

माघ लागलाय. निपाणीकडे ही तंबाखू काढायची वेळ. आमच्या बेळगावच्या बाजूला सुगी म्हटलं की भात, उचगाव-येळ्ळूरकडची खळी, पेंढ्या. निपाणीची सुगी वेगळी. तिथं तंबाखूची झाडं कापून रानातच वाळत टाकतात. रात्रभर दव पडून पान मऊ होतं, त्या मऊपणातच, उन्हं वर यायच्या आत, ती उलटायची. ऊन चढलं की पान हातात चुरा होतं. म्हणून अख्खं गाव अंधार फिटायच्या सुमाराला रानात वाकलेलं असायचं. बायकांचे हात कोपरापर्यंत काळे चिकट. ते साबणाने निघत नाहीत, दिवस गेले की आपोआप निघतात. भाकरीला तो कडवटपणा लागतो, चहाला लागतो, अंगावरच्या वाकळेलाही लागतो. आणि परगावचा माणूस असला की तो शिंकतो.

चाळीस वर्षांपूर्वीच्या माघात तो परगावचा माणूस मी होतो. बेळगावच्या एका मराठी दैनिकात नवा उपसंपादक म्हणून लागलो होतो. निपाणीचा आमचा वार्ताहर काम सोडून गेला आणि दुसरा मिळेपर्यंत तीन आठवडे मला तिकडे धाडलं. निपाणीतल्या लॉजवर पहिल्याच रात्री ढेकणांनी मला फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी भरमू मास्तरांचं नाव सांगितलं. हायवे सोडून आत गेलं की लागणाऱ्या खेड्यात मराठी शाळेवर मास्तर, शाळा सुटली की शेतकरी. मी वळकटी घेऊन दारात उभा राहिलो. भरमूने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत आवाज दिला, "सुंद्रे, संपादक आल्यात गं. दोन भाकरी वाढीव टाक."

मी संपादक नव्हतो. पुढेही कधी झालो नाही. पण भरमूने ती पदवी चाळीस वर्षं काढून घेतली नाही.

त्याची बायको सुंदरा माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणायला लागलो, ती मला अण्णा. चौथीपर्यंत शिकलेली. चुलीपुढे बसून ती पेपर मोठ्यानं वाचायची, बोट ठेवून, अडखळत. अडखळली की पेपरालाच रागवायची, "हे बामणाचं बोलणं कशाला घालतासा रं अण्णा? साधं 'मेला' म्हनून लिवा की, 'पंचतत्त्वात विलीन' कशाला? मला आदी वाटलं कुटल्या गावाला गेला."

ती थंडी वाईट होती. म्हातारी माणसं थंडीत जातात हे ऐकून होतो, त्या तीन आठवड्यांत ते बघितलं. आज या गावात, उद्या त्या गावात. आणि आमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. त्याला पोचायचं असतं. लग्नाला नाही गेलात तर चालतं, माणसं समजून घेतात. रक्षाविसर्जनाला नाही गेलात तर ते कुणी बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही. बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे चुलतभाऊ तिथं येऊन गप उभे राहतात आणि त्यानंतर बोलायला लागतात. मात्र त्यासाठी तिसऱ्या दिवसाच्या आत कळायला हवं. ऐन सुगीत, माणसं रानात पांगलेली असताना, कळवणार कोण? एकेका गावाला सायकलवरून माणूस धाडायचे. तोवर निम्मे नातेवाईक राहून जात.

भरमू मला सायकलवर डबलसीट घेऊन अशा घरांना न्यायचा. मी नवा, शहरातला. बातमी म्हणजे मंत्री, दरोडा, ऊसदर एवढंच मला ठाऊक. पहिल्या रक्षाविसर्जनाला गेलो तेव्हा शेजारच्या रानात तंबाखू उलटायचं काम चाललं होतं. मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. डोळे लाल, नाक लाल, धोतराच्या सोग्याने... नाही, पँट होती, रुमालाने डोळे पुसतोय. एक म्हातारी उठून आली, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको रं बाळा. लई वय झालंतं त्येंचं. सोनं झालं." मी गेलेल्या माणसाचं नावही धड ऐकलं नव्हतं. भरमू मागे तोंड फिरवून खांदे हलवत होता. घरी येऊन त्याने आक्काला सांगितलं, तर ती हसून हसून चुलीपुढे आडवी झाली. पुढे किती वर्षं तरी मी दारात दिसलो की ती म्हणायची, "आला बगा, रडायला आला."

पण त्या म्हातारीच्या हातामुळे मला काहीतरी कळलं. परतताना मी भरमूला म्हटलं, आपण ही माणसं पेपरात घालू. मंत्र्याचं निधन घालतो तसंच. नाव, वय, मागे कोण कोण, आणि रक्षाविसर्जन कधी, किती वाजता. चार ओळी. कुणाच्याही. भरमूने सायकल थांबवली. "कुनाच्याबी?" म्हणाला. "कुनाच्याबी," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग लई लिवावं लागंल रं संपादक."

लिहिलंच त्याने, पुढे चाळीस वर्षं लिहिलं. दुपारी पाकीट बंद करून निपाणी स्टँडवर बेळगावच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचं, आमचा शिपाई बेळगावच्या स्टँडवर उतरवून घ्यायचा. बस चुकली तर भरमू हायवेवर उभा राहून ट्रकला हात करायचा. नंतर फॅक्स आला, नंतर मोबाईल. पाकीट बदललं, चार ओळी त्याच राहिल्या. मी पुढे त्या पानाचा प्रमुख झालो आणि कचेरीत एक नियम लावून घेतला. आधी निधनाचं पान भरायचं, मग पहिलं. अग्रलेख एक दिवस थांबला तर कुणाचं काही अडत नाही. मेलेला माणूस थांबत नाही.

त्या ओळींवरूनही भांडणं व्हायची. थोरल्याचं नाव आधी की धाकट्याचं, लग्न झालेली मुलगी धरायची की नाही. बायकांचं तर नावच नसायचं. 'अमुक यांना पत्नीवियोग.' एकदा अशीच बातमी वाचून सुंद्राक्का खवळली. "मेली ती, आनी नाव ह्येचं? वियोग ह्येला झाला, तिला काय झालं मग?" आक्का पीठ मळता मळता म्हणाली, "अण्णा, माझं नाव जन्मात एकदाच पेपरात येनार. तवा मी बगायला नसनार. तू बग. सुंद्रा म्हनून घाल, भरमूची बायकू म्हनून घालू नको." मी हसत हसत हो म्हटलं. त्याच आठवड्यापासून आमच्या पानावर बायकांची नावं स्वतःच्या नावाने मथळ्यात यायला लागली. लोकांना वाटलं, कचेरीत कुणी सुधारक बसलाय. सुधारक चुलीपुढे बसली होती, हाताला तंबाखूचा चीक लागलेला.

हळूहळू आमच्या भागातली माणसं पेपर मागून वाचायला लागली. सकाळी चहाच्या गाड्यावर बघा, पेपर हातात आला की आधी निधनाचं पान उलगडायचं. कोण गेलं, कुठल्या गावचं, किती वाजता. मग कुणी रानातला गडी सांगून ठेवायचा, कुणी शाळेला रजा टाकायचा, नऊच्या आत मोटारसायकली निघायच्या. बाकी जग पहिल्या पानावर बसून राहायचं. सरकारी ऑफिसातली कागदपत्रं कानडी, पोरांची शाळा इंग्रजी, बसवरची पाटी कानडी. त्यात हे एक पान आपलं, आपल्या भाषेत आपल्या माणसाचं नाव. ते असं काही सुटून जाईल, हे आमच्या डोक्यातही नव्हतं.

मी निवृत्त झालो त्याच सुमाराला भरमूचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. मुलाने यंत्र आणून दिलं, ते कपाटात आहे. "त्यात नुसती शिट्टी वाजती," म्हणतो. फोन केला की तो एकटाच बोलतो, मी इकडून ओरडतो, शेवटी दोघेही दमून ठेवून देतो. एके दिवशी त्याने भेटीत निकाल देऊन टाकला. "हे बग संपादक, फोनबिन काय न्हाय आता. रोज पेपर उघडायचा. माझं नाव आलं न्हाय, म्हंजे मी बरा हाय. तुझं आलं न्हाय, म्हंजे तू बरा. आनी आलंच, तर नऊच्या आत ये."

हसण्यावारी नेलं, पण पाळलं. रोज सकाळी चहाबरोबर मी निपाणी भागाचा रकाना बघायचो. भरमू नाही. सुंद्राक्का नाही. बरं आहे. मग चहा प्यायचा. आमची ही म्हणायची, "कुणाचं मरण शोधताय सकाळी सकाळी?" मी म्हणायचो, "कुणाचं जगणं बघतोय." तिला ते नाटकी वाटायचं. होतंच थोडं. पण पंचाहत्तर किलोमीटरवर तोही चष्मा लावून तेच करत असणार, हे मला ठाऊक होतं. न आलेल्या नावाने आमचा रोजचा रामराम व्हायचा.

आता जे सांगायचंय ते सांगायला जीव घुटमळतो.

दसरा झाल्यावर जुन्या कचेरीतून बोलावणं आलं. नवे प्रमुख तिशी-पस्तिशीचे, अतिशय नम्र. मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. कागद महाग झालाय, पानं कमी करावी लागणार, लोक मोबाईलवर गेलेत, हे सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. खोटं एक अक्षर नव्हतं. मशीनजवळ उरलेली दोन-तीन पोरं मी येताना बघितली होती. निम्मी खोली रिकामी, जिथं गठ्ठे बांधायचे तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. "सर, निधनाचं पान तुम्ही सुरू केलंत," ते म्हणाले. "शहरापुरतं छापू. गावांचं आणि निपाणी भागाचं मोबाईलवर टाकू. तिथं तर लगेच पोचतं, जागेची अडचण नाही, फोटोही मोठा. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं? मला भरमू वाटत होता. चष्मा लावून ओसरीवर बसलेला, कान नसलेला भरमू. एवढं म्हटलं असतं, की साहेब, एक माणूस आहे तिकडे, त्याला फक्त कागद कळतो, तर काय झालं असतं? हसले असते फार तर. पण एवढ्या मोठ्या हिशेबी गोष्टीत आपल्या एका बहिऱ्या मित्राचं काय काढायचं, असं वाटलं. चहा आला. कप हातात घेतला आणि मी म्हणालो, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

मी त्या पानासाठी आयुष्य घालवलं आणि ते पान जाताना माझ्या तोंडातून निघालं ते हे.

दिवाळीनंतर पान आटलं. शहरातली चार-सहा निधनं, शेजारी कोचिंग क्लासची जाहिरात. खाली बारीक अक्षरांत, गावोगावच्या निधनवार्तांसाठी मोबाईलवर पाहा. मी मोबाईलवर पाहायला शिकलोही. शेजारच्या मुलीने दाखवलं. पण तिथं पान नाही हो. तिथं वरून खाली नुसतं सरकत राहतं. बातमी, जाहिरात, नटीचा फोटो, निधन, पुन्हा जाहिरात. काल बघितलेलं आज सापडत नाही. कागदावर रकाना संपला की कळायचं, भरमू नाही. इथं कुठपर्यंत सरकवलं म्हणजे भरमू नाही? चार दिवस केलं, मग कंटाळलो. आणि सवय इतकी वाईट, की सकाळी पेपर उघडला, निपाणी भाग दिसला नाही, तरी मन आपलं म्हणून टाकायचं, नाव नाही, बरं आहे. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. मी रोज चहा पीत राहिलो.

माघाच्या सुरुवातीला काकतीला एका लग्नाला गेलो. पंगतीत शेजारी निपाणीकडचे एक गृहस्थ होते. ओळखीचे निघाले. भात कालवता कालवता म्हणाले, "भरमू मास्तरांच्या बायकोच्या बाराव्यालाबी तुम्ही दिसला न्हाईसा. बरं न्हवतं काय?"

त्यांनी जिलेबी पुढे केली. मी ती घेतली. पानात ती तशीच राहिली एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने निघालो. काकती, मग संकेश्वर, मग दोन्ही बाजूंना नुसता ऊस. तंबाखू आता कुठे कुठे तुकड्यात दिसते. भरमूच्या गावच्या फाट्यावर उतरलो, चालत गेलो. वाटेत एकही शिंक आली नाही.

भरमू ओसरीवर बसला होता. पुढ्यात पेपर. मला बघून उठला नाही. "आलास व्हय?" म्हणाला, इतकंच. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात, पण हे तो हळूच बोलला. मी शेजारी बसलो. त्याच्याशी बोलायची आमची रीत ठरलेली, तो पेपर पुढे सरकवतो आणि मी कडेच्या पांढऱ्या जागेत लिहितो. त्याने पेपर सरकवला. मी लिहिलं, 'मला काल कळलं.'

त्याने वाचलं. सुनेला हाक मारली. ती मोबाईल घेऊन आली, बराच वेळ बोटाने खाली-वर केलं आणि माझ्यापुढे धरला. "हे बगा काका, आलंतं." वर सोन्याच्या दुकानाची जाहिरात, खाली आक्काचा फोटो. 'सुंदराबाई यांचे निधन.' तिचं स्वतःचं नाव, मथळ्यात. मागे पती, दोन मुलगे, विवाहित कन्या, सुना, नातवंडे. रक्षाविसर्जन सकाळी नऊ वाजता. चार ओळी, एक शब्द इकडे-तिकडे नाही. भरमूने स्वतः लिहिल्या होत्या, त्या रात्री, आक्का आत ठेवलेली असताना. मी दुसऱ्यांदा वाचायला लागलो आणि मधेच स्क्रीन काळी झाली. सुनेने पुसून पुन्हा लावून दिली. पुन्हा काळी झाली.

भरमू म्हणाला, "दिवाळीपासनं हितं येनाऱ्या अंकात आपला रकाना न्हाय, ते बगतुया मी. पर मला वाटलं, बेळगावातल्या अंकात तर आलं असंल. तू तितं हाईस न्हवं."

मग तो सांगत बसला. मला थांबवता येईना, ओरडून काय थांबवणार? म्हणाला, नऊ वाजले, माणसं जमली. मी म्हटलं थांबा, बेळगावचा पाव्हना यायचा हाय. साडेनऊ झाले. ऊन चढाय लागलं, लोकांची कामं खोळंबली. मग उरकलं. निवद ठेवला, तर कावळा शिवंना. झाडावर चार बसल्यात, खाली उतरंनात. कुणी म्हणे नातवाचं लग्न करतो म्हणा, कुणी म्हणे लेकीला अंतर देणार न्हाय म्हणा. सगळं म्हणून झालं. "मला ठावं हुतं की रं," भरमू म्हणाला. "मी पुढं झालो आनी म्हटलं, सुंद्रे, तुझा अण्णा पेपर वाचतो. त्यानं वाचलं असंल, कायतरी नड आली असंल. तो आला की मी त्याला ज्यवायला घालतो. जा आता." त्याने हात पालथा केला. "शिवला."

मी पेन उघडलं. मग खालच्या कडेला लिहिलं, बारीक अक्षरात, कारण ती कड अरुंद होती. 'पान बंद करताना मला विचारलं होतं. मी नको म्हटलं नाही.'

पेपर त्याच्याकडे सरकवला. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. पुन्हा वाचलं. शाळेत पोराची वही तपासावी तसं त्याचं बोट त्या ओळीवरून शेवटपर्यंत गेलं आणि तिथं थांबलं. मला वाटलं आता तो बोलेल. शिव्या दिल्या असत्या तरी मला चाललं असतं. मला तर तेच हवं होतं. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पेपराची घडी घातली.

"ज्येव आदी," म्हणाला.

सुनेने ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, झुणका, ताक. आक्काच्या हाताची चव नव्हती, पण आक्काचीच थाळी होती, कडेला पोचा असलेली. पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले ते थांबेनात. सून घाबरली. "काय झालं काका? तिखट झालं व्हय?" मी म्हटलं, "न्हाय गं, तंबाखूचा वास लागला." ती बावरून म्हणाली, "यंदा तंबाखू लावलीच न्हाय आमी, काका."

भरमूला यातलं काही ऐकू आलं नाही. तो समोर बसून मी किती खातो ते बघत होता. दुसरी भाकरी त्याने स्वतःच्या हाताने वाढली. जेवणानंतर तो आक्काचं सांगत राहिला आणि मी पेपराच्या कडेला लिहून विचारत राहिलो.

निघताना फाट्यापर्यंत तो आला. एवढं चालणं आता त्याला जमत नाही, मधे दोनदा थांबला. बस लांबून दिसली तसा त्याने माझा दंड धरला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, फाट्यावरच्या सगळ्या माणसांनी वळून बघावं एवढ्या मोठ्यानं विचारलं, "आता तुझं मला कसं कळायचं रं?"

त्याने घडी घातलेला पेपर सोबत आणला होता, तो पुढे केला. लिही म्हणून. मी उलगडला. कडेची जागा सगळी भरली होती. सकाळपासूनचं माझंच अक्षर चारी बाजूंनी. बस आली, कंडक्टर कानडीत घाई करत होता. मी पेपर परत त्याच्या हातात दिला आणि चढलो. खिडकीतून बघितलं, तर तो पेपर उलटून पालटून बघत उभा होता, मी कुठे काही लिहिलंय का ते.

इतकी वर्षं मी या सगळ्या भागाला सांगत आलो, कोण गेलं, कधी यायचं, किती वाजता. आणि त्या एका माणसाला सांगायला माझ्यापाशी एक ओळ नव्हती. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, त्याच्या सुनेचा नंबर घेऊन ठेवायचा होता. खरं आहे. घेतला नाही. पत्र लिहा म्हणाली. तेही खरं. लिहीन. पण माझं पत्र मी असेपर्यंतच जाणार ना? तो विचारत होता ते पुढचं.

आज सकाळी पेपर आला. पातळ झालाय, दारातून आत सरकवला तरी आवाज होत नाही. चहा झाला होता. मी मागून उघडला, बोट ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत बघितलं.

भरमूचं नाव नव्हतं. तिकडच्या कुणाचंच नव्हतं.